पुढची आवृत्ती येईपर्यंत

आमचे भाऊजी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतात. म्हणजे गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्या खाचेत एकामागून एक काचा सरकवायच्या आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची. "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" हा प्रश्न ते दिवसभर विचारतात. गिऱ्हाईक घुटमळलं की काचा पुन्हा एकदा अदलाबदल करून दाखवतात, आणि तरीही घुटमळलं तर स्वतःच निकाल देतात. "हीच घ्या. डोळ्यांच्या बाबतीत थांबू नये." त्या दुकानातून "पुढच्या वर्षी बघू" म्हणत कुणी बाहेर पडल्याचं मला तरी ठाऊक नाही. मालक त्यांच्यावर खूश असतो तो याचसाठी.

दुकानाचं शटर खाली आलं की मात्र हाच माणूस कुणाला काही घेऊ देत नाही. मोबाईल किंवा टॅब घ्यायचा असेल तर आमच्या गल्लीत आधी भाऊजींना विचारायची पद्धत आहे, आणि भाऊजींचं उत्तर ठरलेलं आहे. थांबा, पुढची आवृत्ती येतेय. ही पद्धत कशी पडली ते कुणालाच धड सांगता येत नाही. बहुधा कधीतरी कुणी त्यांचं न ऐकता फोन घेतला आणि लगेच त्याची किंमत उतरली. एक बाण लागला की माणूस तिरंदाज ठरतो. गल्लीतले लोक त्यांना मागून 'आगामी' म्हणायचे. पुढे ते त्यांच्या कानावर गेलं, तर वाईट वाटायचं सोडून हे खूश झाले.

भाऊजींच्या मते जगात मोबाईल चालवणाऱ्या सिस्टीम दोनच. त्यांना ते थोरली आणि धाकटी म्हणत, जशा काही त्या एका घरात नांदणाऱ्या जावा. थोरली तोऱ्यातली, वक्तशीर, दरवर्षी ठरल्या सुमाराला नव्या आवृत्तीनिशी माडीवरून खाली उतरणार. धाकटी मोकळी, चार घरं फिरणारी, तिची नवी आवृत्ती कुणाच्या फोनवर कधी पोचेल ते तिचं तिलाच माहीत. फोनमध्ये दोघी तुल्यबळ होत्या, पण टॅबमध्ये थोरलीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आणि यंदा धाकटी पदर खोचून उभी राहिली आहे, टॅबच्या मैदानात थोरलीला घाम फोडणार आहे, हे भाऊजी गेली कैक वर्षं दरवर्षी सांगत होते. ते सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की आपल्या घरचं कुणी निवडणुकीला उभं आहे असं वाटावं.

ही बातमी त्यांना कुठून मिळायची? तर दूरदेशीच्या कुणा एकाने कारखान्यातल्या कुणा दुसऱ्याकडून ऐकलेलं असायचं. कधी न निघालेल्या टॅबच्या कव्हरचा फोटो फुटलेला असायचा. कव्हरला भोक कुठे आहे त्यावरून कॅमेरा कुठे असेल, कॅमेरा तिथे असेल तर बॅटरी केवढी असेल, आणि बॅटरी तेवढी असेल तर किंमत काय असेल, इथपर्यंत भाऊजी बसल्या जागी पोचायचे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात तसला प्रकार. त्यांचा स्वतःचा फोन मात्र म्युझियममध्ये ठेवण्याच्या लायकीचा होता. काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा, आणि मागचं झाकण पडू नये म्हणून रबर बँड. तो बदलायला त्यांना मुहूर्त सापडत नव्हता, कारण प्रत्येक मुहूर्तानंतर त्याहून चांगला मुहूर्त होताच.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना परदेशातल्या लेकीशी बोलताना तिचा चेहरा दिसावा म्हणून बरा फोन घ्यायचा होता. ते भाऊजींच्या सांगण्यावरून थांबले. इतके थांबले की लेकच सुट्टी काढून आली, राहिली आणि परत गेली. फोन काही आला नाही. तरी मास्तरांची श्रद्धा ढळली नाही. कोपऱ्यावरचा मोबाईलवाला मात्र भाऊजींना लांबून पाहिलं की स्वतःहून चहा मागवायचा आणि त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूला बसवायचा. हे प्रेम नव्हतं. काउंटरपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या कानापासून त्यांचं तोंड लांब राहावं, एवढाच हेतू होता.

आता माझ्या ताईबद्दल. ती भाऊजींची बायको, माझी थोरली बहीण. नोकरी वाचनालयात, जिथे भिंतीभिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं असतं. ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा आईच्याने आवरला नाही, तिला नेमकी अशी नोकरी मिळावी याला काय म्हणायचं. दिवसभर गिळलेलं सगळं ती संध्याकाळी घरी येऊन बाहेर काढायची, आणि समोर भाऊजी असायचे. थोरली-धाकटीचं पुराण त्यांनी सुरू करावं आणि ताईने ते मध्येच तोडून, ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला ते विचारावं, असा त्यांचा संसार होता. मला वाटायचं, या दोघांपैकी कुणीही कुणाचं ऐकत नाही. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून, ऐकणं म्हणजे काय हे आपल्यालाच कळतं असा माझा समज झालेला होता.

एक दिवस ताई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन कपाटाकडे गेली आणि तिथेच खाली बसली. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला. उजव्या हातात जोर राहिला नाही, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, तिला सगळं समजतं, सांगायचं काय तेही ठाऊक असतं, फक्त शब्द सापडत नाही. सगळ्या भाषेतून तिच्याकडे एक 'ते' उरलं होतं. पाणी हवं असलं तरी ते, खिडकी लावायची असली तरी ते, आणि आपल्याला ते कळलं नाही म्हणून चिडली की ते, ते, ते. मग ती भिंतीकडे तोंड करून बसायची. ताईला गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला ते पाहवत नसे. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. तरुण, पण शिस्तीच्या. त्यांनी सांगितलं की टॅबवर एक अ‍ॅप मिळतं. त्यात चित्रं असतात, चित्राला बोट लावलं की टॅब तो शब्द बोलतो. ताईला डाव्या हाताने जमेल. शिवाय शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडला तर एखाद वेळी तो जिभेवरही परत येतो. पण पहिले काही महिने मोलाचे, ओल आहे तोवर पेरून घ्यायचं असतं. टॅब कुठला घ्यावा, असं भाऊजींनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, जो मिळेल तो, आज मिळाला तर आजच.

"आज?" भाऊजी म्हणाले. विहिरीत उडी मारायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

त्या दिवसापासून भाऊजींच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अभ्यास सुरू झाला. आजवर लोकांसाठी केला, आता घरच्यासाठी करायचा होता. थोरलीचा नवा टॅब येऊ घातला होता. तो आला की जुन्याची किंमत पडणार. त्याला उत्तर म्हणून धाकटीच्या छत्राखालची कुठलीशी कंपनी मोठ्या पडद्याचा टॅब आणणार होती. मोठा पडदा म्हणजे मोठी चित्रं, म्हणजे ताईच्या बोटाला सोपं. पण त्याच्यावरची सिस्टीम जुनी असेल अशी कुणकुण होती, तर मग ती नवी होईपर्यंत थांबलेलं बरं. प्रत्येक कारण स्वतंत्रपणे ऐकलं तर शहाणपणाचं वाटायचं. पण ती सगळी ऐकून उठावं, तर ताई आपली भिंतीकडे तोंड करून बसलेलीच. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण मला अपुरी वाटू लागली, कारण आमचे भाऊजी स्वतः कोरडे नव्हते. लोकांना सांगायचे तेच ते स्वतःही पाळत होते. एवढा प्रामाणिक मूर्खपणा फार कमी लोकांना जमतो.

शेवटी माझा तोल गेला. मी त्यांना म्हटलं, "दुकानात सांगता ना, डोळ्यांच्या बाबतीत थांबू नये म्हणून? मग जिभेच्या बाबतीत थांबावं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, डोळ्याची काच चुकली तर बदलून देता येते. इथे चुकलं तर तिला आणखी एकदा सगळं नव्याने शिकावं लागेल, आणि तेवढी उमेद तिच्यात राहील की नाही कुणास ठाऊक. हे ते अगदी हळू म्हणाले. तरीही संध्याकाळी मोबाईलवाल्याकडे जाऊन मी एक साधा टॅब घेऊन आले. तुमच्या घरातून गिऱ्हाईक येईल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं, असं म्हणत त्याने कव्हर फुकट दिलं.

भाऊजींनी टॅब हातात घेतला, उलटा केला, कडेने बघितला. मागच्या आवृत्तीवरचा आहे, म्हणाले. मी म्हटलं, आम्ही बहिणीही मागच्याच आवृत्तीच्या आहोत, चालतंय आम्हाला. ताई हसली. आजारपणानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. तिचं ते हसू भाऊजींनी पाहिलं आणि त्यानंतर टॅबबद्दल वाकडा शब्द काढला नाही.

अ‍ॅपमधली चित्रं आयती होती, कुणाच्या तरी भलत्याच घरातली. बाई म्हणाल्या, तिच्या स्वतःच्या वस्तूंचे फोटो घाला, ओळख लवकर पटेल. मग आम्ही दोघं घरभर फिरलो, वाचनालयापर्यंतही जाऊन आलो. तिचा कान तुटलेला कप, तिची चप्पल, खिडकी, गोळ्यांचा डबा, वाचनालयाचं दार, शेजारीण, मी, भाऊजी. खरं सांगायचं तर फोटो भाऊजींनीच काढले आणि फार छान काढले. प्रकाश कुठून येतो, कडा कशा स्वच्छ दिसतील, मागे काय असू नये, हे त्यांना बरोबर कळतं. आयुष्यभर लोकांना नीट दिसावं एवढीच खटपट केलेला माणूस तो. प्रत्येक फोटो ताईला दाखवून ते विचारायचे, "हा बरा, की मघाचा?" आणि ताई बोटाने सांगायची.

ताई शिकली. हळूहळू शिकली, चिडत शिकली, पण शिकली. आणि बोलू लागली म्हणजे तिने पहिल्यांदा काय केलं असेल? भाऊजींचा फोटो दाबला, मग टॉवेल, मग पलंग. टॅब शांतपणे म्हणाला, "पती. टॉवेल. पलंग." आवाज कुणा बाईचा होता. बातम्या सांगणाऱ्या बाईचा असतो तसा घासूनपुसून स्वच्छ, ज्याला राग नाही, लोभ नाही, सर्दी नाही. धरण भरलं हेही ती त्याच सुरात सांगेल आणि धरण फुटलं हेही. आम्ही पोट धरून हसलो. एकदा तर टॅबने "कप" म्हटल्यावर ताईच्या तोंडूनही "कप" आलं, स्वच्छ. बाईंनी टाळी वाजवली. मी रडले.

भाऊजी मात्र टॅब बोलू लागला की खोलीतून उठून जायचे. मी लक्ष ठेवून होते. ती बातम्यांची बाई "पती" म्हणाली की यांच्या कपाळावर आठी, आणि पाय बाहेर. मी मनात म्हटलं, दुखतंय. आपल्या भाकिताची किंमत न ठेवता मेहुणीने टॅब आणला आणि तो चालला, हे पचत नाहीये. तसं मी ताईलाही बोलून दाखवलं. ताईने मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, ते मी नीट पाहिलं नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी भाऊजींचा फोन आला. "मेहुणीबाई, जरा येता का?" एवढंच. भाऊजी कुणाला 'या' म्हणत नाहीत, 'थांबा' म्हणतात. मी चपला अडकवून निघाले.

जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं होतं, तसंच. ताई टेबलाशी बसली होती, समोर टॅब. पडद्यावर जिथे अ‍ॅपचं चित्र असायचं तिथे एक करडा चौकोन होता आणि ताई त्यावर बोट दाबत होती. दाबायची, बोट उचलायची, पुन्हा दाबायची. दर वेळी पडद्यावर एकच ओळ उमटायची, हे अ‍ॅप या आवृत्तीत चालत नाही. मी आत आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते." मग टॅबकडे हात करून, "ते, ते." तिचे डोळे भरले होते.

भाऊजींनी पुढची आवृत्ती घातली होती. तीही निघालेली नव्हे, निघायच्या आधीची. कंपन्या हौशी लोकांना चाखायला देतात ती कच्ची, चाचणीची आवृत्ती. ती घालताना पडद्यावर ठळक सूचना येते की रोजच्या कामाच्या, ज्याच्यावाचून अडेल अशा टॅबवर हे घालू नका. ही सूचना अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होती, कारण भाऊजींनीच ती पाठ करून घेतलेली होती. ज्याने जगाला थांबायला लावलं, तो जिथे खरोखर थांबायचं होतं नेमका तिथे थांबला नाही. अ‍ॅपमध्ये घातलेले फोटोही गेले होते. जुनी सिस्टीम परत घालता येत होती, पण कप, चप्पल, खिडकी, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तक्रार खिडकीवर मी जेवढं ऐकून घेतलं होतं ते सगळं व्याजासकट त्यांच्यावर ओतलं. शेवटी म्हटलं, "बरा चालला होता ना टॅब? मी आणला म्हणून सलत होता का तुम्हाला?"

"आवाज," भाऊजी म्हणाले.

"कसला आवाज?"

"तिचा नाही तो." त्यांनी खिशातून आपला तो रबर बँडवाला फोन काढला. "पुढच्या आवृत्तीत येणार होतं, असं वाचलं होतं मी. माणसाचं जुनं बोलणं टॅबला ऐकवलं, की तो त्याच माणसाच्या आवाजात बोलतो. ती बाई बोलते ना, मला सहन होत नाही. माझ्याच घरात कुणीतरी परकी बाई मला ओळख दाखवते आणि ही शेजारी मुकी बसलेली. म्हटलं, हिला सकाळी उठवायचं आणि हिच्याच आवाजात..."

 माझ्यासमोर फोन ठेवून त्यांनी बोट लावलं. आणि त्या खोलीत माझी ताई बोलली. "अहो, दूध संपलंय. येताना आणा, आणि त्या मोबाईलवाल्याकडे बसू नका चकाट्या पिटत." नंबर काढताना भाऊजी फोन उचलत नाहीत, म्हणून ताई त्यांना बोलूनच निरोप पाठवायची. व्हॉइस मेसेज. वर्षानुवर्षांचे निरोप. फोन बदलला नव्हता म्हणून सगळेच्या सगळे जागेवर होते. छत्री विसरलात. बिल भरलंत का. डबा संपवला नाहीत तर याद राखा. ही सगळी शिदोरी घेऊन हा माणूस त्या चाचणीच्या आवृत्तीपुढे उभा राहिला होता. आवाजाची ती सोय तिथे होती का? होती. पण आपल्या भाषेसाठी नव्हती. ती आपल्या भाषेत पुढच्या आवृत्तीत बघू, असं बारीक अक्षरांत तळाला लिहिलेलं होतं, आणि लोकांना तक्त्याची शेवटची ओळ वाचायला लावणाऱ्या भाऊजींनी ते वाचलं नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

माझ्या रागाचं काय करावं ते मला कळेना. इतके दिवस मी यांना जळकुटे समजत होते. मला वाटायचं ऐकणं फक्त मला येतं. हा माणूस तर इतकं ऐकत होता की त्याला दुसरा आवाजच चालत नव्हता. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली, आणि तरीही टॅबवरचा तो करडा चौकोन पाहिला की पुन्हा संताप येत होता.  भाऊजी उठले आणि दार उघडं टाकून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

मी टॅब उचलून मोबाईलवाल्याकडे न्यायच्या तयारीला लागले. तेवढ्यात मागून पुन्हा ताईचा आवाज आला. "छत्री विसरलात ना? मला माहीतच होतं." मी वळून पाहिलं. भाऊजींचा फोन तिने डाव्या हाताने स्वतःकडे ओढून घेतला होता आणि एकेका निरोपाला बोट लावत होती. स्वतःचा आवाज ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. "बिल भरलंत का?" पुढचा. "अहो, शेजारच्यांचं लग्न उद्या आहे, आज नाही, परत या." पुढचा. आधी मला वाटलं, मन रमवतेय. तीही माझी चूकच. तिचं बोट घाई करत होतं. निरोपाचे पहिले दोन शब्द ऐकायची, मान हलवायची, पुढे जायची. ती काहीतरी शोधत होती.

सापडल्यावर तिने तो लगेच लावला नाही. आधी फोनच्या कडेचं बटण दाबून आवाज होता तेवढा मोठा केला. मग दाराकडे पाहिलं आणि बोट लावलं.

कुठल्याशा वर्षी, थोरलीचा नवा टॅब निघाला त्या दिवशी, तो निदान हातात धरून बघायला मिळावा म्हणून भाऊजी मोठ्या दुकानासमोर रांगेत उभे राहिले होते. घ्यायचा नव्हताच, नुसता बघायचा होता. रांग संपत नव्हती. त्या दिवशीचा तो निरोप होता. ताईचा आवाज वैतागलेला होता, थोडा दमलेला, आणि घरभर ऐकू जाईल इतका मोठा.

"अहो, नाही मिळालं तर राहू द्या. या घरी. मी जेवायची थांबलेय."

जिन्यात हालचाल झाली. भाऊजी दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चष्मा हातात होता आणि डोळे लाल झाले होते. ताई त्यांच्याकडे बघत होती. तिचं बोट अजून फोनवर होतं, त्यांनी ऐकलं नसेल तर पुन्हा लावायच्या तयारीत.

"नाही मिळालं," भाऊजी म्हणाले.

ताईने डाव्या हाताने शेजारची खुर्ची मागे ओढली, आणि मी ताटांवरची झाकणं काढली.